बेट पाहायची रीत

महाबळेश्वरला किंवा पचमढीला जाऊन आलेलं कोणी भेटलं आणि तिथल्या थंड हवेचं कौतुक सांगू लागलं, की मी निमूट ऐकून घेतो आणि शेवटी एकच विचारतो : "तुम्हाला ते दाखवलं कोणी?" समोरचा गोंधळतो. दाखवायचं काय त्यात, गाडीतून उतरलो आणि पाहिलं, असं काहीतरी म्हणतो. मला त्याची मनापासून कीव येते. मला वैनगंगेतलं एक बेट दाखवलेलं आहे, आणि ज्यानं ते दाखवलं त्याच्यासारखा दाखवणारा मला पुन्हा कुठे भेटला नाही. चांदा जिल्ह्यात मी उभी उमेद मास्तरकीत घालवली. मानपत्र मिळालं नाही, सत्कार झाला नाही, पण ते बेट मी रीतसर पाहिलेलं आहे, ही गोष्ट मी आजही चारचौघांत मिरवतो.

तो माझा घरमालक. जातीनं ढिवर, धंद्यानं मासेमार, आणि स्वतःच्या मते त्या बेटाचा कारभारी. गाव त्याला भाऊ म्हणे, म्हणून मीही भाऊच म्हणू लागलो. उंच, हडकुळा माणूस, पाण्यावरच्या उन्हानं डोळे कायमचे लाल झालेले. गावात असला की कमरेला आखूड धोतर आणि डोक्याला दुपट्टा, बाकी अंग उघडं. पण बेटावर पाहुणा न्यायचा असला की पेटीतून एक काळा कोट निघायचा. कुठल्याशा मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरच्या लग्नात तो त्याला मिळाला होता. चांद्याचा मे महिना, दगडाला हात लागला तर चटका बसावा असं ऊन, आणि हा गृहस्थ उघड्या अंगावर काळा कोट चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून डोंगा, म्हणजे आमच्याकडची लाकडी होडी, चालवतो आहे. मी एकदा विचारलं, "भाऊ, उकडत नाही का?"

"उकडते ना," तो म्हणाला. "पन तसाच गेलो तं बेटाले काय वाटंन?"

मी त्या गावी बदलून आलो तेव्हा मालगुजारी नुकतीच गेली होती आणि कोणती जमीन आता कोणाची, याबद्दल गावात रोज नवी बातमी असायची. वरच्या मोहल्ल्यात एकट्या मास्तरला कोणी खोली देईना. शेवटी नदीकडच्या ढिवर मोहल्ल्यात याच्या घराच्या पडवीतली खोली मिळाली. त्यानं माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. एवढंच म्हणाला, "मास्तर, पोहता येते?"

"नाही."

"मंग शिका. होळी झाली का हे घर बंद रायते."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. होळीनंतर चौथ्या दिवशी सकाळची शाळा आटोपून आलो तर दाराला कुलूप, आणि माझी ट्रंक, वळकटी, कंदील, शाळेचं हजेरीबुक, सगळं डोंग्यात भरलेलं. तो हातात बांबू घेऊन उभा. मी चांगलाच तणतणलो. मला न विचारता माझ्या सामानाला हात लावायचा तुम्हाला काय अधिकार, मी खोली भाड्यानं घेतली आहे, वगैरे बरंच काही बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"झालं का बोलून? बसा मंग. भाड्यात बेट बी येते."

त्या मोहल्ल्याची ती जुनी चाल होती. होळी झाली की पंधरा-वीस घरं कुलपं लावून बेटावर जायची आणि मृग लागायच्या आत परत यायची. नदी आटून दोन्ही बाजूंना वाळू उघडी पडे, पण बेटाभोवतीचा डोह भर वैशाखातही आटत नसे. वर जांभळाची, करंजाची, अर्जुनाची दाट झाडी. त्या सावलीत बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या राहत. पुरुष डोहात जाळी टाकत, बाया वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं, लावत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोहल्ल्यातल्या दिल्या घरच्या लेकी वैशाखात माहेरी येत त्या गावात येत नसत, थेट बेटावर येत. पोंभुर्ण्याकडून, धानोऱ्याच्या जंगलापलीकडून, कुठून कुठून. तीरावर येऊन त्यांनी हाक मारली की ज्याच्या कानावर ती पडेल त्यानं डोंगा घेऊन जायचं, मग लेक कोणाची का असेना. मालगुजारानं या लोकांना कधी अडवलं नव्हतं. त्याच्या लेखी ते बेट म्हणजे नदीतला एक धोंडा होता.

त्या पहिल्या दिवशी तो मला समोरून सरळ घेऊन गेलाच नाही. काठाकाठानं अर्धा कोस वर गेला, तिथून डोंगा धारेला लावला आणि मला म्हणाला, "आता बेटाकडं पाठ करून बसा." मी रागात होतो, तरी बसलो. काय करणार, पोहता येत नव्हतं. बराच वेळ पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग अंगावरचं ऊन एकदम गेलं, मानेला गारवा लागला, आणि तो हळूच म्हणाला, "आता फिरा."

फिरलो तर बेट डोक्यावर आलेलं. जांभळाच्या फांद्या पाण्यावर इतक्या झुकलेल्या की डोंगा त्यांच्या खालून आत शिरत होता. खाली पाणी हिरवंगार, तळाचा दगड न् दगड दिसणारं. बाहेरच्या भट्टीतून आलेल्या माणसाला ते काय वाटलं असेल ते मी शब्दांत सांगू शकत नाही. माझा राग कुठच्या कुठे गेला. मी म्हटलं, "वा!"

"वा नाई," तो म्हणाला. "आतापासून वा म्हनाल तं संध्याकाळी काय म्हनान?"

बेट पाहायची त्याची अशी रीत होती, आणि तीत सूट कोणालाही नव्हती. उतरताना जोडे डोंग्यातच राहायचे. सकाळी खालच्या टोकाला जायचं, कारण टिटव्यांची अंडी वाळूवर तिथे असतात आणि ऊन चढल्यावर ती दिसत नाहीत, मग पायाखाली येतात. दुपारी जांभळाखाली, पण खोडाला टेकून नाही, जिथे वाऱ्याची झुळूक पाण्यावरून येते त्या दगडावर. डांगर ओल्या वाळूत सकाळीच पुरून ठेवायचं आणि उन्हं कलली की काढायचं. त्याला सुरी लावायची नाही, गुडघ्यावर आपटून फोडायचं. झिंगे पळसाच्या पानात बांधून निखाऱ्यावर. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खायची ती झाडाखाली पडलेली, तोडलेली नाही. हे सगळं तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की पाहुण्याला हसायचीही चोरी होई.

बाकीच्या जगाबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. चांद्याचा किल्ला त्याला मोठा वाटे, पण "आत पोहाले काई नाई." नागपूरला तो आयुष्यात एकदाच गेला होता आणि तिसऱ्या दिवशी परत आला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "तिथी सावली बी इकत घ्या लागते, मास्तर. हाटेलात चाय घेतला तं बसू देते." चिमूरच्या लोकांबद्दल मात्र त्याला आदर होता. बेचाळीस साली ते इंग्रजापुढे उभे राहिले होते. "त्याइले बेट फुकट दाखवीन," असं तो म्हणे. वास्तविक तो कोणाकडूनच काही घेत नसे.

आमच्या शाळेच्या तपासणीला एकदा डिप्टी साहेब आले. माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती. साहेबांना संध्याकाळी बेट दाखवावं असं मीच सुचवलं आणि डोंग्यात बसल्यावर मला त्याचा पश्चात्ताप झाला. साहेबांनी मांडीवर कागद घेतले आणि वाचायला सुरुवात केली. ऐन धारेत डोंगा थांबला. आमचा काळा कोट बांबू रोवून स्वस्थ उभा.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काई नाई साहेब. तुमचं वाचून झालं का निघू."

"तू चालव. मी वाचतो."

"चालवतो ना. पन पाह्यन कोन?"

मी डोळे मिटून घेतले. साहेब चिडले, काहीतरी इंग्रजीत बोलले. डोंगा हलला नाही. अखेर कागद पिशवीत गेले तेव्हाच तो निघाला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी शेरेबुकात शाळेबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि परिसराच्या रम्यतेबद्दल अर्धं पान. त्याच वर्षी मी कायम झालो. त्यात माझ्या शिकवण्याचा वाटा किती होता, हे मी कधी तपासायला गेलो नाही.

पहिल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेलो, आठ दिवसांत कंटाळून परत आलो आणि तीरावर उभं राहून लेकींसारखी हाक मारली. सगळं बेट हसलं. त्याच उन्हाळ्यात त्याच्या मनानं घेतलं की बेट पाहायची रीत लिहून ठेवली पाहिजे. "मी नाई राह्यलो तं लोक कुठूनबी चढतीन अन् काईबी पाहून जातीन." त्याला अक्षर येत नव्हतं. मी शाळेची एक वही आणली. तो डोळे मिटून सांगायचा आणि मी लिहायचो. एकदा मी माझ्या पदरचं घातलं, 'हे बेट अत्यंत सुंदर आहे.' वाचून दाखवलं तर त्यानं हात वर केला.

"ते काढा."

"का? सुंदर नाही का?"

"हाय. पन ते आपन काऊन सांगाचं? आपन दाखवाचं. सुंदर हाय का नाई ते पाह्यनाऱ्यानं म्हनाचं."

मी ते वाक्य खोडलं. पुढे आयुष्यभर मुलांचे निबंध तपासताना मला तो वर झालेला हात दिसत आला आणि मी ठिकठिकाणी 'सुंदर' खोडत गेलो.

वहीत एक वाक्य मात्र निव्वळ खोटं होतं, आणि ते त्यानं सर्वांत ठासून सांगितलं होतं : हे बेट कधी बुडत नाही. दर दोन-तीन वर्षांनी मोठा पूर आला की ते झाडांच्या फांद्यांपर्यंत पाण्यात जाई. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पण हा म्हणे, नदी वर येते तसं बेटही वर येतं, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचा साळा सोमा यावरून त्याला फार छळायचा. "भाऊजी, औंदा किती वरते आलं होतं जी?" असं चारचौघांत विचारायचा. हा ढिम्म. दिवाळीच्या सुमारास पाणी ओसरलं की तो एकटाच डोंगा घेऊन जाई. एकदा मी न विचारता सोबत गेलो. पाहतो तर हा झाडावर चढून फांद्यांच्या बेचक्यांत अडकलेलं पुराचं गवत, काटक्या, चिंध्या वेचून खाली टाकतोय, म्हणजे उन्हाळ्यात येणाऱ्याला पत्ता लागू नये. मला पाहून क्षणभर थबकला. मग म्हणाला, "वाऱ्यानं लई कचरा येते." मी म्हटलं, "येतो खरा," आणि खालचा कचरा गोळा करू लागलो.

आता मुख्य गोष्ट. मालगुजारी गेली तशी बेटाची मालकी सरकारजमा झाली, आणि एका वैशाखात जंगलखात्याचे एक मोठे साहेब हद्दी ठरवत आमच्या गावी आले. मोहल्ल्याचं धाबं दणाणलं. बेट राखीव झालं तर तिथे पाय ठेवता येणार नव्हता. सगळ्यांनी बसून ठरवलं की साहेबाला बेट दाखवावं, आम्ही तिथे कोणतं झाड तोडत नाही, दोन-तीन महिने सावलीला राहतो, हे त्याच्या डोळ्यांनी त्याला पाहू द्यावं. दाखवणार कोण हा प्रश्नच नव्हता. कोट निघाला.

मी सोबत होतो. मी त्याला कितीतरी वेळा बेट दाखवताना पाहिलं होतं, पण त्या दिवसासारखं कधीच नाही. साहेब सज्जन होते, तरुण होते, जोडे आपणहून काढले, पाठ करून बसा म्हटल्यावर बसले. टिटवीची अंडी त्यांनी गुडघे टेकून पाहिली. जांभळाखालच्या दगडावर त्यांना झोप लागली. उन्हं कलल्यावर गुडघ्यावर फोडलेलं गार डांगर खाल्लं, आणि अंधार पडायच्या आत खालच्या वाळूत उभे राहून नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हातारबा, मी पुष्कळ जंगलं पाहिली. असं ठिकाण पाहिलं नाही. इथे आमच्या खात्याचा विश्रामबंगला झालाच पाहिजे."

डोंगा परत आला तेव्हा म्हातारा अभिमानानं फुलून गेला होता. साहेबांच्या बोलण्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरलाच नव्हता. तो सोमानं तीरावर समजावून सांगितला. "बंगला झाला तं झोपड्या ऱ्हातीन का भाऊजी? चौकीदार ठेवतीन तिथी. लई चांगलं दाखवलं तुमी. एवढं चांगलं दाखवाले कोन सांगतलं होतं?"

कोटाची बटणं सोडता सोडता त्याचे हात थांबले.

साहेबांचा मुक्काम आठ दिवस होता. जाण्यापूर्वी ते माणसं आणि साखळी घेऊन बेटाची मोजणी करणार होते. मोहल्ल्यातल्या लोकांनी मग जमेल ते केलं. एक जण साहेबांना जाऊन म्हणाला, बेटावर वाघ येतो. दुसरा म्हणाला, जांभळावर भूत आहे. तिसऱ्यानं डोहात मगर असल्याचं सांगितलं. साहेब हसले. त्यांनी स्वतः तिथे दिवस काढला होता, आणि वाघ पोहून इथवर येत नाही, डोहात लेकरं पोहतात, हे आमच्याच माणसानं त्यांना छाती फुगवून सांगितलं होतं. शेवटी सोमा गेला आणि खरं ते सांगून आला, की बेट पुरात बुडतं. साहेब म्हणाले, "वाघ झाला, भूत झालं, मगर झाली. आता बुडायलाही लागलं का?" आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्हा कोणाच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. मला तो कोटवाला म्हातारा सांगू दे. त्यानं मला एकही गोष्ट खोटी सांगितलेली नाही."

झालं. सगळं येऊन त्याच्या एका शब्दावर ठेपलं. आणि तो शब्द तो काढेना.

मोजणीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळा मोहल्ला त्याच्या झोपडीसमोर बसला होता. तो जाळं विणत होता. बायको रडली, सोमा ओरडला, भाऊबंद पाया पडले. मीही म्हटलं, "भाऊ, खरंच तर सांगायचं आहे."

"मास्तर," तो मान वर न करता म्हणाला, "आपल्या लेकरात खोड असंन तं पाहुन्यापाशी कोनी सांगते का? मले बेटाची निंदा होत नाई. बंगला तं बंगला. बेट तं ऱ्हाईन ना."

सोमा चिडून उठला. "याच्या मोठेपनापायी आपन उठून राह्यलो इथून!" असं म्हणत तो निघाला, त्याच्यामागे इतरही हलले. त्याची लेक शेवंता त्याच वेळी माहेरी आलेली होती. कडेवर पोर घेऊन ती इतका वेळ मागे उभी होती. ती बापासमोर बसली.

"बा, मले पाह्याले सिरोंच्याचा तो पाहुना आला होता. याद हाय?"

"हाय."

"तुमी त्याले काय सांगतलं होतं? पोरीले राग लई येते, भांडे फेकते म्हनून. साऱ्यापुढं सांगतलं. मी चार दिवस जेवली नोती. काऊन सांगतलं होतं?"

बोटांतली सुई तेवढी थांबली.

"काऊन सांगतलं होतं, बा?"

"लई दूर होतं सिरोंचा," तो म्हणाला. "तू जावी असं वाटत नोतं."

शेवंता उठली, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पाण्याकडे निघून गेली. त्यानं पुन्हा विणायला सुरुवात केली. त्यानंतर त्याच्याशी कोणी बोललं नाही.

सकाळी साहेब आले. साखळीवाले आले, खुंट्या आल्या. मोहल्ला झाडांखाली दाटीनं उभा होता. साहेबांना आणून हा डोंग्यातून उतरला तो उघड्या अंगानं, कोट घातलेला नव्हता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हातारबा, हे लोक म्हणतात, पावसाळ्यात हे बुडतं. खरं काय ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी धरून चालतो."

त्यानं बेटाकडे एकदा पाहून घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तो बेटावरच्या सगळ्यात उंच अर्जुनाकडे चालत गेला, खोडाला पाठ लावून उभा राहिला, हातातला बांबू डोक्यावर धरला आणि वर, आणखी वर, हात पुरेल तेवढा नेला. बांबूचं टोक दोन फांद्यांच्या बेचक्याला लागलं.

"इथवर, साहेब," तो म्हणाला. "इथवर येते पानी."

साहेब मान वर करून बेचक्याकडे पाहत राहिले. तिथे उभा राहिलेला कुठलाही बंगला छपराच्या कवेलूसकट पाण्याखाली गेला असता. "दरवर्षी?"

"नाई. मोठा पूर आला का. मी लहान होतो तवापासून पाहून राह्यलो. मी आजवर कोनाले सांगतलं नाई."

बांबू त्यानं लगेच खाली घेतला नाही. तसाच धरून ठेवला, साहेबांची खात्री होईपर्यंत. झाडाखालच्या माणसांत कोणी हसलं नाही. मी सोमाकडे पाहिलं, त्यानं तोंड फिरवलं होतं आणि दुपट्ट्यानं डोळे पुसत होता. मला स्वतःला काय वाटलं ते सांगतो : मला त्या माणसाच्या घरात भाड्यानं राहत असल्याचा अभिमान वाटला. जन्मभर जिला जपलं ती गोष्ट त्यानं सगळ्या गावादेखत सोडून दिली होती, आणि ज्या बेटासाठी सोडली त्याचीच निंदा करतो आहोत या भावनेनं त्याचं तोंड काळवंडलं होतं.

साहेबांनी साखळी गुंडाळायला सांगितली. बंगला पुढे गावाच्या वरच्या टेकाडावर झाला. बेटावर होळीपासून मृगापर्यंत राहायला मोहल्ल्याला मुभा आहे, असा कागद साहेबांनी जाण्यापूर्वी लिहून दिला. तो मीच सगळ्यांना वाचून दाखवला. बायांनी लुगड्याचे पदर कपाळाला लावले. हा मात्र ऐकायला थांबला नाही, जाळं घेऊन डोहावर निघून गेला. त्या उन्हाळ्यात नंतर त्यानं कोणालाच बेट दाखवलं नाही. पाहुणे आले तर म्हणे, "सोमाले सांगा, तो नेते." आणि सोमा त्यांना समोरून सरळ घेऊन यायचा, जोडे घालून उतरवायचा. ते पाहून हा झोपडीत तोंड फिरवून पडून राहायचा. मला ते बघवत नसे.

पुढच्या वर्षी सडकेच्या कामावरचे एक ओव्हरसियर आपल्या नव्या बायकोला घेऊन आले. त्या दिवशी सोमानं आपल्या पोटात दुखतं म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, सकाळीच तो भाताचा तांब्याएवढा गोळा संपवताना मी पाहिला होता. शेवंतानं पेटी उघडून कोट बापाच्या हातात दिला. त्यानं जरा वेळ तो नुसता धरला आणि मग घातला. वर जाऊन, धारेला लावून, पाठ करून बसवून त्यानं त्या दोघांना रीतसर आणलं, मी सोबत होतो. पण पूर्वीसारखं एकेका दगडाचं कौतुक नाही, दरडावणं नाही, काही विचारलं तर तेवढंच उत्तर.

ओव्हरसियरांची बायको चुणचुणीत होती. जांभळाखाली उभी राहून तिनं सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "अहो, पण पावसाळ्यात हे बेट बुडत असेल ना?"

तो थांबला. कोटाच्या बटणाशी त्याची बोटं चाळवली. झिंगे भाजणाऱ्या बाया हात थांबवून पाहू लागल्या. तेवढ्यात वाळूतून सोमाचा आवाज आला. पोटात दुखणारा माणूस ताडकन उठून उभा राहिला होता.

"कोन म्हन्ते? हे बेट? आजवर कधी बुडलं नाई, बाई."

"कधीच नाई," बायकांतून कोणीतरी म्हणालं.

"माह्या आज्यानं बी बुडलेलं पाह्यलं नाई," जाळी टाकणारा एक जण डोहातून ओरडला.

ती हसली. या लोकांचं काही खरं नाही अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. तिथे शिकलेला तेवढा मीच होतो. "गुरुजी, तुम्ही सांगा. खरं का हे?"

मी जन्मात मुलांना एकच गोष्ट छडी घेऊन शिकवली आहे. मी म्हणालो, "अगदी खरं. हे बेट बुडत नाही."

म्हाताऱ्यानं सोमाकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्याचे लाल डोळे आणखी लाल झाले होते. त्यानं कोटाचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला, आणि पूर्वीच्या त्याच भारदस्त आवाजात तिला म्हणाला,

"आमचा मास्तर खोटं बोलत नाई, बाई. चला, इकडून या."